खंडेनवमीचा फोटो

२१ सप्टेंबर, रविवार

लिहायला फार उशीर झाला. मंगलची मनातल्या मनात माफी मागतो. वही तिनेच गुढीपाडव्याला दिली होती. म्हणाली, "आबा, डोक्यात जे फिरत ऱ्हातं ते लिहून काढत जा. म्हंजी मला दिवसातून चार-चार फोन यायचे न्हाईत." तेव्हापासून वही कोनाड्यात पडून. आज काढली, कारण आज लेक फोनवर रागावली.

विषय किरणचा. माझा नातू, भाऊसाहेबाचा मुलगा. आयटीआय झाला, सुप्याच्या कंपनीत मुलाखत दिली, त्यांनी घेतलं. दिवाळी झाली की रुजू व्हायचं. आमच्या घरात ऊसतोडीला न जाणारा हा पहिला. माझा जन्म त्यात गेला, भाऊसाहेब आणि त्याची बायको कांता अजून जातात. आनंदच आहे. पण काळजी सुप्याची. मोबाईलवर सुप्याचं रोज काही ना काही असतं. कंपनीच्या गेटवर हाणामारी, कोयते, पळापळ. मंगल तिथेच राहते म्हणून तिला सांगत होतो, पोराला तुझ्याच घरी ठेव, दिवेलागणीनंतर बाहेर सोडू नको.

ती म्हणाली, "तुमच्या मोबाईलातलं सुपं येगळं आन माझं येगळं. माझ्या सुप्यात पान्याचा टँकर आला का न्हाई, हीच बातमी हाय." आणि फोन ठेवला.

२४ सप्टेंबर, बुधवार

गुडघा दुखतो. शेताकडे गेलो नाही. खरं म्हणजे गुडघ्यामुळे नाही. वाटेवर कोणी नसतं हल्ली.

दुपारी शेजारचा नाना आला. त्याचा मोबाईल माझ्यापेक्षा मोठा. ओट्यावर बसून बघितलं. कोयता गँग. एक पोरगा गाडीवरून कोयता फिरवत जातो. नाना म्हणाला, "ह्ये कालचं." मी म्हणालो, हा पोरगा मी उन्हाळ्यापासून बघतोय, अंगात तोच पिवळा शर्ट. नाना म्हणाला, "मंग त्याच्यापाशी एकच शर्ट आसल." हसलो दोघे. भीती मात्र गेली नाही.

नाना गेल्यावर मागच्या घरातून बाळूच्या बायकोच्या रडण्याचा आवाज आला. बाळू पिऊन आला की असतंच ते. मी मोबाईलचा आवाज वाढवला. त्यांचं त्यांनी बघावं. त्या पिवळ्या शर्टाचं पुढे काय झालं ते कळायचं राहिलं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

किरणने मला पकडलं. "आबा, औंदा आपल्या गावात काय काय चोरीला गेलं, सांगा बरं."

आठवलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल. आणि नानाच्या कोंबड्या, पण त्या मुंगसाने नेल्याचं नंतर कळलं.

"मंग दाराला दोन कुलपं कशाला?"

म्हणालो, बाहेर दिवस वाईट आलेत.

"बाहेर म्हंजी कुठं?"

मी मोबाईलकडे बोट केलं. पोरगा पोट धरून हसला. कांताही चुलीपाशी हसली. हसू देत. राखण मलाच करायची आहे. दिवाळीनंतर हे दोघं तोडीला, किरण सुप्याला, घरात मी एकटा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा चांगली झाली. आमच्या तोडीच्या टोळीतली सात-आठ घरं आपापले कोयते आमच्याच अंगणात आणतात. मी वयाने मोठा म्हणून ही चाल. किरणने कालच शेवगावच्या लोहाराकडून सगळ्यांच्या कोयत्यांना धार लावून आणली होती. कांताने राखेने घासले, गोणपाटावर ओळीने मांडले. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पुढे सहा महिने ज्याच्यावर पोट भरायचं त्याला आज विसावा. आज त्याने काही कापायचं नाही.

किरणने चारी बाजूंनी फोटो काढले. "फुडच्या वर्षी मी कंपनीत आसन, मंग कोन काढनार?" शेवटी तो आणि त्याचे दोन मित्र कोयत्यांच्या मागे बसले, डोळ्याला काळा चष्मा. किरणने एक कोयता उचलून खांद्याजवळ धरला. कांता ओरडली, "ठीव खाली! आज हात लावायचा नसतो त्येंना, यवढं कळंना?" ठेवला लगेच. पण फोटो निघून गेला होता. तोच त्याने मोबाईलच्या स्टेटसला लावला, मोठं गाणं घालून. निरांजनाचं ताट धरलेला माझा हातही त्यात आलाय. मला दाखवला. छान आलाय.

आज मंगलला एकच फोन केला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर नीट येत नाही.

सकाळी नाना मोबाईल घेऊन आला. शेवगावचा एक चॅनल आहे, मी रोज बघतो तोच. त्यावर वर मोठ्या अक्षरात, तालुक्यात कोयत्यांचा साठा, या तरुणांचा डाव काय? मागे ढोल. एका बाजूला कुठल्या तरी बाजारातली मारामारी, दुसऱ्या बाजूला कोयत्यांची रांग आणि लाल गोलात काळ्या चष्म्यातला एक पोरगा.

मी म्हणालो, "काय माजलेत बघ."

नाना म्हणाला, "आबा, तुमचा किरण हाय त्यो."

पुन्हा बघितलं. अंगण आमचं. गोणपाट आमचं. फोटोतून झेंडू कापलेला, नारळ कापलेला, ताट कापलेलं. कोपऱ्यात माझा अंगठा तेवढा उरलाय. हे माझ्या डोळ्यांना आधी दिसलंच नाही. सख्खा नातू दिसला नाही.

किरणला उठवून दाखवलं. तो हसला. "पूजेचा फोटो हाय, आबा. कोन इश्वास ठेवील?" दुपारपर्यंत मित्रांचे फोन येत राहिले. संध्याकाळी हसत नव्हता. कंपनीत लागलेल्या पोरांच्या ग्रुपवर कोणीतरी तोच व्हिडिओ टाकलाय.

४ ऑक्टोबर, शनिवार

झोप नाही. व्हिडिओ परत परत बघितला. त्यातला माणूस विचारतो, या तरुणांच्या मागे कोण आहे? आणि मग मीही विचारायला लागलो. हा शेवगावला इतक्यांदा का जातो? रात्री मोबाईलवर कोणाशी बोलतो? ते दोन मित्र कोण? त्यातल्या एकाच्या आजीने आणि मी एकाच फडात ऊस तोडलाय, पोरगं पाळण्यात असल्यापासून बघतोय, तरी विचारत होतो.

किरण आंघोळीला गेला तेव्हा त्याची बॅग उघडली. आयटीआयचे कागद. कंगवा. पायमोज्यांचा नवा जोड, अजून पाकिटातच. कंपनीत घालायला घेतला असणार.

मागे वळलो तर तो दारात, अंगावर टॉवेल.

"काय शोधताय, आबा?"

"बॅटरी."

"ती तुमच्या उशाला आस्ती."

एवढंच बोलला. कपडे घालून बाहेर गेला, दुपारी जेवायला आला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चॅनलवर आज परत. पोलीस कधी कारवाई करणार, असं. बातम्यांत मी शंभर वेळा बघितलंय, घरात हत्यार सापडलं की माणूस संपला. तोंडावर काळा बुरखा घालून जीपमध्ये घालतात.

बाकीच्यांनी आपापले कोयते परवाच नेले. आमचे तेवढे घरात, मोरीच्या वर टांगलेले. भाऊसाहेब-कांता कापूस वेचायला गेले होते. मी कोयते काढले, कांताच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि कडब्याच्या गंजीत आत खोल सारले. वरून पेंढ्या लावल्या. धाप लागली, पण हलकं वाटलं. किती दिवसांनी दुपारी झोप लागली.

कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर तेही गुंततील.

६ ऑक्टोबर, सोमवार

पोलीस आले. हवालदार आणि एक शिपाई. आरडाओरडा नाही, काही नाही. कांताने चहा ठेवला. हवालदार म्हणाला, "वरून विचारना झालीय म्हनून आलो. कोयते दावा, बघतो आन जातो."

भाऊसाहेब आत गेला. बाहेर आला तो पांढरा पडून. "हितंच टांगले हुते की."

हवालदाराने कप खाली ठेवला.

किरण माझ्याकडे बघत होता. "आबा?"

मग सगळेच बघायला लागले. मी उठलो. गंजीपाशी नेलं. शिपायाने पेंढ्या ओढल्या, लुगडं निघालं, त्यातून कोयते.

हवालदार तिथेच पेंढीवर बसला. "आजोबा, माझी मावशी तोडीला जाती. कोयता पुजत्यात त्ये मला म्हाईत हाय. घरात टांगलेला आसता तर दोन मिन्टात गेलो आसतो. आता ह्यो लपवलेला निघाला. मी काय लिहू?"

म्हणालो, भीती वाटली.

"कोनाची?"

"तुमची."

"मी तर आत्ता आलोय. भीती कवाची हाय?"

मी लुगड्याची घडी घालत राहिलो.

शेवटी त्याने लिहिलं, ऊसतोडीची अवजारं, गुन्हा नाही. कोयते नेले नाहीत. "न्हिऊन मी काय ऊस तोडू का?" निघताना मागच्या घरातलं रडणं त्याच्या कानावर गेलं. कोण रडतंय म्हणून विचारलं. आमच्यातलं कोणी बोललं नाही. तो म्हणाला, "ठान्यात जास्त येतं त्ये ह्येच, आजोबा. बांधाची भांडनं आन घरातली मारझोड. त्याच्याम्होरं कोन ढोल वाजवीत न्हाई." आणि बाळूच्या दाराकडे गेला. माझ्या घरामागे माझ्या कानापासून पाच हातांवर बाई मार खाते आणि मी सुप्याच्या गेटची राखण करतो. मान वर करवेना.

संध्याकाळी कांताने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज अंगणात आवाज आला आणि ओळखलाच. रोज कानात असतो तो आवाज. चॅनलवाला पोरगा. वाटलं होतं मोठा माणूस असेल. किरणपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, मिशी नीट फुटलेली नाही. पाया पडला. "आजोबा, तुमच्यावर अन्याय झालाय असं लोक म्हणतात. तुमची बाजू मांडा. सगळं दाखवतो."

घरात कोणी नव्हतं. मला वाटलं, मी बिघडवलंय, मीच नीट करतो. धुतलेली टोपी घातली. अगदी सुरुवातीपासून सांगितलं. माझा बाप कोयता कसा पुजायचा. नवमीला हात का लावत नाहीत. हवालदारांनी काय लिहिलं. किरण लहानपणी आमच्याबरोबर फडात असताना तिथल्या शाळेत कसा जायचा, बाजूला बसून पाढे कसे म्हणायचा. बरंच बोललो. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "मग गंजीत कोणी लपवले?" म्हणालो, हो, मीच लपवले, भीती वाटली.

जाताना परत पाया पडला. चहा घेतला. चांगल्या घरचा दिसला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

"आजोबांनी दिली कबुली."

ढोल. माझं तोंड जवळून. "हो, मीच लपवले. भीती वाटली." परत. "हो, मीच लपवले." तिसऱ्यांदा. मग परत लाल गोल.

बाप नाही, नवमी नाही, पाढे नाहीत. खोटं एक अक्षर घातलेलं नाही त्यांनी. सगळे शब्द माझेच.

भाऊसाहेबाने पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "तुमाला कोनी सांगितलं हुतं त्वांड उघडायला? दिसभर त्येंचंच बघता, आन कसे हायेत त्ये कळंना तुमाला?"

नाना संध्याकाळी आला. म्हणाला, "लई लोकांनी बघितलं, आबा." अभिमानाने म्हणाला की कसं, कळलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल कंपनीतून किरणला फोन. साहेब चांगलं बोलले म्हणे. नाही म्हणाले नाहीत. फक्त, "तुमचं तेवढं मिटू द्या, मग बघू. तोवर थांबा."

किरणने विचारलं, "सर, काय मिटायचंय? गुन्हाच न्हाई."

ते म्हणाले, "हो, पण वातावरण."

किरण दिवसभर जनावरांपाशी बसून होता. मी जाऊन शेजारी बसलो. म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी बॅटरी शोधत नव्हतो."

"म्हाईत हाय."

तोही उठला नाही, मीही नाही. म्हशीने शेपटी मारली तेव्हा दोघं हललो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

भाऊसाहेब आणि किरण शेवगावला चॅनलवाल्याकडे गेले होते. मोबाईलच्या दुकानावर माडीवर एक खोली, एक पडदा, एक दिवा. भाऊसाहेब सांगत होता, आपल्या म्हशीचा गोठा मोठा आहे त्यापेक्षा.

व्हिडिओ काढा म्हणाले. पोरगा म्हणाला, "काढला तर लोक म्हणतील पैसे खाऊन दाबला."

मग गुन्हा नाही हे तरी टाका.

तो खरंच बुचकळ्यात पडला म्हणे. "दादा, गुन्हा नाही, यात बातमी काय?"

किरणने हात उचलला नाही. भाऊसाहेबाला त्याचंच बरं वाटलं. "उचलला आसता तर त्योच दावला आस्ता," म्हणाला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

दिवाळी झाली म्हणायची. मंगल आली. ओवाळलं. पोरं बाहेर गेल्यावर माझ्यापाशी बसली.

"आबा, तुमी त्याची बॅग तपासली?"

म्हणजे त्याने तिला सांगितलंय.

"हो."

"चॅनलचं त्याला यवढं लागलं न्हाई. त्ये परके. त्यो म्हनला, आत्या, आबांच्या तोंडाकडं बघितलं तवा मलाच वाटलं, मी काय केलं तर न्हाई ना?"

ती उठली, मला फराळाचं आणून दिलं. खाल्लं नाही. मुंग्या लागल्या.

बाळूची बायको दिवाळीला माहेरी गेली आहे. परत येते की नाही, कोणी विचारत नाही. मी काल बाळूला दारात गाठून म्हणालो, आता आवाज आला तर मी हवालदाराला फोन करीन. हसला माझ्यावर. "तुमी? तुमीच कोयतेवाले आबा." तरी म्हणालो.

२६ ऑक्टोबर, रविवार

टोळी गेली. सकाळी ट्रक आला. भांडी, पत्रे, गोधड्या, कोंबडीचा खुराडा, वर माणसं. कोयते यंदा सगळ्यांनी गोणीत बांधून तळाला ठेवले. याआधी कधी असं बघितलं नव्हतं. कोयते उघडे हातात घेऊन ट्रकमध्ये चढायचो आम्ही.

किरण ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवून उभा. "मी बी येतो. गुन्हा न्हाई आसा ठान्याचा दाखला येतोय का न्हाई, कंपनी घेतीय का न्हाई, कोनाला म्हाईत. हितं बसून काय करू?"

भाऊसाहेबाने त्याचा दंड धरून खाली घेतलं. "तू आधी सुप्याला जाऊन त्येंच्या म्होरं हुबा ऱ्हा. तोंडावर न्हाई म्हनू दे. मंग ये, मुकादमाला सांगून ठिवलंय, जागा हाय. पन आदीच चढू नको."

कांता रडली. मला म्हणाली, "आबा, येळेवर जेवा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली.

दुपारच्या एसटीने किरण सुप्याला. बॅग त्याने माझ्यासमोरच भरली. मुद्दाम की कसं, माहीत नाही. एक एक वस्तू दाखवावी तशी ठेवली. निघताना पाया पडला नाही. म्हणाला, "येतो." तेवढं म्हणाला, तेही पुष्कळ.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मंगलचा फोन. परवाच पोचला, जेवतोय, झोपतोय. उद्या साहेबांना भेटणार. जाताना वाटेत हवालदाराने ठाण्यातून दाखला दिलाय, गुन्हा नाही असा, तो बरोबर आहे.

मी म्हणालो, त्याला फोन दे.

ती बाजूला बोलली, मग म्हणाली, "उद्या करतो म्हनलाय."

घर फार मोठं वाटतं. दुसरं कुलूप लावलं नाही. लावावंसं वाटलं, पण लावलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून मोबाईल मांडीवर. किरणला चार वेळा फोन केला. वाजतो, उचलत नाही. भेट उरकली असणार केव्हाच. मंगलला केला. "आजून आला न्हाई आबा, यील. कंपनीच्या गेटावर बसवून ठेवत्यात कधी कधी." तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता, की मलाच तसं वाटलं.

दिवस उतरताना नाना आला. लांबूनच म्हणाला, "आबा, सुप्याचं कायतरी आलंय बघा. कंपनीच्या गेटावर गर्दी दिसतीय." मोबाईल पुढे केला. ढोल सुरू झालाच होता.

किती जीव झाला बघायचा. नुसती एक नजर टाकायची. त्यात तो नसेल, हे एकदा बघून घ्यायचं.

नानाचा हात धरून मोबाईल पालथा घातला. म्हणालो, बंद कर ते. माझ्या घरचं आहे, माझ्या घरच्यांकडून कळेल. नाना रागावून गेला. आता दिवा लावून हे लिहितो.

किरण, त्यांनी घेतलं असेल तर सांग. नाही म्हणाले असतील तरी सांग, तोडीला बापाकडे निघाला असशील तरी सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर मंगलकडे निरोप दे. मी तुझ्या शब्दापुढे काही विचारणार नाही. पण तुझ्याच तोंडचं कळू दे, बाबा, आणि लवकर. मी मोबाईल पालथाच ठेवलाय. नुसता वाजला की उचलीन.